सातारा ते लंडन : आमच्या भाचीने पाहिलेला युरोप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाची मुलगी लंडनला शिकायला निघाली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला नाना प्रश्न विचारले. थंडी किती असते, जेवायला काय मिळते, खोलीचे भाडे किती पडते. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, एकच प्रश्न विचारला. "तिथं पाणी कुठलं भरायचं गं? आपल्याला भरू देतेत का?"

आम्ही सारे हसलो. भाचीने आजीचा हात हातात घेऊन सांगितले, "आजी, तिथं खोलीतच नळ असतो. कुणाला विचारायला लागत नाही." आई गप्प बसली. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या लहानपणी गावात आपल्या लोकांची विहीर वेगळी होती. उन्हाळ्यात ती आटली की दुसऱ्यांच्या विहिरीच्या कडेला घागर घेऊन तासन् तास बसायचे आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेले पाणी घ्यायचे, हे तिने सोसलेले आहे. हसून झाल्यावर माझे मलाच वाईट वाटले. आपण कशाला हसलो?

भाची गेली ती महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २००३ पासून चालू आहे. फॉर्म भरण्यापासून ते उत्पन्नाचा दाखला, जामीनदार, प्रवेशपत्र आणि व्हिसा इथपर्यंत किती हेलपाटे मारावे लागतात, ते मी कारकून असूनही मला तेव्हाच कळले. पण झाले. एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करून, पदवी घेऊन ती परत आली. साताऱ्याला माझ्याकडे चार दिवस राहायला आली, तेव्हा आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर तिचे बोलणे ठेवले. बायाबापड्या, शाळेची मुले, गवंडी, बिगारी, एस.टी.तले, नगरपालिकेतले असे सगळे आले. मुलांना आयफेल टॉवरचे फोटो बघायचे होते. ती म्हणाली, "फोटो शेवटी दाखवते. आधी मसूरला जाऊ."

मसूर स्टेशनवरची मुले

वाचकहो, मसूर आपल्या कराड तालुक्यातले. पुणे-मिरज लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन. १९०१ सालच्या उन्हाळ्यात सातारहून चार मुले या स्टेशनवर उतरली. त्यांच्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता, त्याचा मोठा भाऊ होता आणि मरण पावलेल्या थोरल्या बहिणीची मुले होती. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते आणि सुट्टीत मुलांनी त्यांच्याकडे जायचे ठरले होते. अंगावर नवे सदरे, डोक्यावर भरजरी टोप्या, पायांत नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. जन्मात पहिल्यांदाच आगगाडीत बसायला मिळाल्याने मुले आनंदात होती.

वडिलांना पत्र पोहोचलेच नव्हते, म्हणून स्टेशनवर कुणी घ्यायला आले नाही. कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. मुलांनी आपली जात सांगताच त्याचा चेहरा बदलला. कुणीही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर प्यायला पाणी मागितले, तर तेही नाकारले गेले. डब्यात जेवण होते, पण पाणी नव्हते. मुले उपाशीच झोपली.

बाबासाहेबांनी ही हकीगत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवली. १९३५-३६ च्या सुमारास, परदेशातल्या लोकांना अस्पृश्यता म्हणजे नेमके काय ते उमगावे म्हणून त्यांनी हे प्रसंग लिहिले, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपात छापले. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात शिरण्याचा परवाना. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच वडिलांकडे जाणाऱ्या मुलांना परवाना लागत होता. आमची भाची म्हणाली, "इंग्लंडच्या व्हिसासाठी मी कागद दिले, बोटांचे ठसे दिले. मला तो मिळाला. मसूरला त्या मुलांकडे द्यायला काय होतं?" विहारात कुणी काही बोलले नाही.

लंडनमधले घर

मग ती लंडनवर आली. बाबासाहेब १९१६ साली अमेरिकेतून प्रथम लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी नाव घातले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान व पुस्तके ज्या बोटीत होती ती पाणतीराने बुडाली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. आणि त्याच सुमारास बॅरिस्टरी पुरी केली. डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. मी बी.कॉम. झालेला माणूस, तो ग्रंथ मी दोनदा वाचायला घेतला. निम्मा समजला. पण एवढे नक्की समजले की, अर्धपोटी राहून हे लिहिणाऱ्याने एक ओळही उसनी घेतलेली नाही.

अर्धपोटी म्हणजे खरोखर अर्धपोटी. सकाळी पाव आणि थोडे काही, दुपारी जेवण नाही, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन आणि रात्री खोलीवर पुन्हा अभ्यास. भूक लागली की मित्राने दिलेले पापड खायचे, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. हे ऐकून आमच्या विहारातली एक आजीबाई म्हणाली, "म्हणून पापड लाटताना आई सांगायची, चार जास्त लाट." सगळे हसले, पण डोळे पुसत हसले.

उत्तर लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तिथे त्यांचे स्मारक उभे राहिले. भाची पहिल्याच रविवारी तिथे गेली. तिने सांगितले, "मामा, मला वाटलं होतं मोठा बंगला असेल. रांगेतल्या घरांसारखंच घर आहे. भिंतीवर गोल निळी पाटी आहे. लंडनमध्ये अशा पाट्या गल्लोगल्ली आहेत. इथं अमुक कवी राहत होता, तिथं तमुक शास्त्रज्ञ राहत होता. त्या पाट्यांमध्ये आपल्या बापाची पाटी." स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. परीक्षेला जायच्या आधी ती तिथे दोन मिनिटे उभी राहायची.

ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र तिचे मन दुखावले. बाबासाहेब ज्या ग्रंथालयात बसत ते आता दुसऱ्या इमारतीत हलले आहे. तिने म्युझियमची दालने पाहिली. एका दालनात अमरावतीच्या स्तूपावरचे कोरीव दगड लावलेले आहेत. बोधिवृक्ष, धम्मचक्र, स्तूप, पूजा करणारे स्त्री-पुरुष. आंध्रातल्या अमरावतीचा हा महास्तूप उद्ध्वस्त झालेला होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे खोदकाम केले आणि त्यातले बरेचसे दगड लंडनला गेले. अमरावती कृष्णेच्या काठावर आहे. आपलीच कृष्णा! महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड, सांगलीवरून खाली जाते तीच. सांगलीच्या घाटावर लहानाची मोठी झालेली पोर सातासमुद्रापार कृष्णाकाठचे दगड काचेमागे बघत उभी होती. तिने तिथेच मनातल्या मनात त्रिसरण म्हटले. "राग आला, आणि आनंदही झाला," ती म्हणाली. "चोरून नेलेत म्हणून राग. आणि तिथं येणारी जगभरची माणसं बुद्धाचा धम्म काय होता ते वाचतात, म्हणून आनंद."

राजवाड्यातली शाळा, राजवाड्यातले विद्यापीठ

ईस्टरच्या सुट्टीत तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी युरोपची सहल आखली. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून शेंगेन नावाचा एकच व्हिसा चालतो. तो निराळा काढावा लागला. रात्रीच्या बसने प्रवास करायचा म्हणजे एका रात्रीचे भाडे वाचते, सहा-सहा जणींच्या खोलीत झोपायचे, आणि सोबत आईने पाठवलेले भडंग व शेंगदाण्याची चटणी. असा पंधरा दिवसांचा हिशेब. अॅमस्टरडॅम, बॉन, व्हेनिस आणि रोम एवढी गावे झाली. पॅरिसला नुसती बस बदलली, तेवढ्यात मुलांसाठी आयफेल टॉवरचा लांबून फोटो काढला.

जर्मनीत बॉनलाच का, असे मैत्रिणींनी विचारले. कारण बाबासाहेब काही काळ तिथल्या विद्यापीठात शिकायला गेले होते. ऱ्हाईन नदीच्या काठी हे शहर आहे. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीच्या राजाचा वाडा. १८१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे हा राजवाडा मुलांच्या शिक्षणासाठी देण्यात आला. तिला साताऱ्याची आठवण झाली. साताऱ्याच्या राजवाड्यातच सरकारी हायस्कूल भरत असे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये पडले. रजिस्टर क्रमांक १९१४. आज ती शाळा छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. शाळाप्रवेशाचा हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

आणखी एक गोष्ट तिने बॉनमध्ये वहीत लिहून घेतली. जर्मनीतले संस्कृत-भारतविद्येचे पहिले अध्यासन याच विद्यापीठात, १८१८ साली, श्लेगेल नावाच्या विद्वानासाठी निर्माण झाले. जर्मनांच्या मुलांना ऱ्हाईनच्या काठी संस्कृत शिकायला मिळत होते. मुंबईच्या हायस्कुलात आंबेडकर नावाच्या मुलाने संस्कृत मागितले, तेव्हा त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे त्याने ते स्वतःच्या कष्टाने शिकून घेतले, ही गोष्ट निराळी.

कुलूप लावलेली वस्ती

युरोप म्हणजे स्वर्ग, असे आपल्यातले पुष्कळ लोक समजतात. तसे नाही, हेही तिने सांगितले.

व्हेनिस हे पाण्यावर वसलेले शहर. रस्त्यांच्या जागी कालवे आणि मोटारींच्या जागी होड्या. पर्यटक होडीत बसून गाणी ऐकतात. त्याच शहराच्या एका कोपऱ्यात ज्यू लोकांची जुनी वस्ती आहे. १५१६ साली तिथल्या सरकारने हुकूम काढला की, सर्व ज्यूंनी याच जागेत राहायचे. रात्री वस्तीचे दरवाजे बंद होत. पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंकडूनच वसूल होई. बाहेर पडताना ओळखीची खूण अंगावर बाळगावी लागे. ‘घेट्टो’ हा शब्द या वस्तीवरूनच जगभर गेला. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते दरवाजे तोडले. जागा थोडी आणि माणसे फार, म्हणून तिथली घरे मजल्यावर मजले चढवून उंच झाली आहेत, छपरे मात्र ठेंगणी. ती म्हणाली, "तिथं उभी राहिले आणि वेशीबाहेरचा महारवाडा डोळ्यांपुढं आला. फरक एवढाच, की आपल्या वस्तीला दरवाजा नव्हता. दरवाजा गावाला होता, आणि तो आतून बंद होता."

अॅमस्टरडॅममध्ये अॅन फ्रँक या ज्यू मुलीचे घर आहे. हिटलरच्या लोकांपासून वाचण्यासाठी तिचे कुटुंब आणि इतर चौघे, अशी आठ माणसे १९४२ च्या जुलैपासून १९४४ च्या ऑगस्टपर्यंत कपाटामागच्या खोल्यांत लपून राहिली. दिवसा पाय वाजवायचा नाही, मोरीत पाणी सोडायचे नाही. तिथेच अॅनने डायरी लिहिली. शेवटी सगळे पकडले गेले आणि १९४५ साली पंधरा वर्षांची अॅन छळछावणीत मेली. आठांपैकी एकटे तिचे वडील वाचले. त्यांनी मुलीची डायरी छापली. १९६० साली घराचे संग्रहालय झाले, तेव्हा खोल्या रिकाम्याच ठेवाव्यात असे त्यांनी सांगितले. आजही त्या रिकाम्याच आहेत. डच, जर्मन, जपानी शाळकरी मुले रांगेने येतात आणि न बोलता बाहेर पडतात.

इथे आमच्या एका कार्यकर्त्याने विचारले, "त्यांना आपल्या पापाची लाज वाटत नाही का, असं उघडं करून दाखवायला?" भाचीने उत्तर दिले, "लाज वाटते म्हणूनच दाखवतात. आपल्याकडं लाज वाटते म्हणून झाकतात." मला वाटते, त्या दिवशीच्या बोलण्यातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य. आपल्याकडे पाणवठ्यांचे, वेशींचे, बंद देवळांचे दरवाजे कुठे जपून ठेवले आहेत? नव्या पिढीतल्या पोरांना सांगायला गेले तर म्हणतात, असे काही नव्हतेच, तुम्ही वाढवून सांगता.

रोमचे नळ

शेवटी रोम. तिथले कोलोझियम म्हणजे दगडी प्रेक्षागार, इ.स. ८० साली खुले झालेले, पन्नासएक हजार माणसे बसतील एवढे. माणसाने माणसाला मारायचे, जनावराने माणसाला फाडायचे, आणि लोकांनी टाळ्या पिटायच्या, असे खेळ तिथे चालत. बसायच्या जागाही दर्जाप्रमाणे ठरलेल्या. सगळ्यात पुढे संगमरवरावर उमराव, मग घोडेस्वार वर्ग, मग सामान्य नागरिक आणि अगदी वरती गोरगरीब व बायका. वाटाड्या हे सांगू लागला तेव्हा तिच्या इंग्रज मैत्रिणीला नवल वाटले. आमच्या पोरीला नवल वाटले नाही. तिने फक्त एवढे विचारले, "हे दगड कुणी वाहिले?" गुलामांनी, असे उत्तर आले. हमालाच्या पोरीला दगड दिसला की आधी पाठ दिसते.

पण रोममध्ये तिला सर्वांत आवडले ते रस्त्यावरचे नळ. बिडाचे, कमरेएवढे, नाकासारख्या वाकड्या तोटीचे हे नळ १८७० नंतरच्या काळात शहरभर बसवले. आज असे सुमारे अडीच हजार आहेत. पाणी रात्रंदिवस वाहते आणि ते पिण्याचे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी डोंगरातून कालवे काढून शहरात पाणी आणले होते. ख्रिस्तपूर्व १९ साली बांधलेल्या एका कालव्याच्या मार्गाने आलेले पाणी आजही ट्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्यात पडते. त्या नळांवर साहेब पितो, झाडूवाला पितो, आफ्रिकेतून आलेला फेरीवाला पितो, कबुतरेही पितात. तोटीवर बोट दाबले की वरच्या भोकातून धार उडते. पोरीने ओंजळ न करता, तोंड लावून पाणी प्यायले आणि तिथून आजीला व्हिडिओ फोन लावला.

"आजी, बघ. कुणी विचारत नाही."

आई फोनवर म्हणाली, "पोटभर पी."

मला इथे १९३४ सालची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तीही सहलीचीच आहे, ऐतिहासिक स्थळ बघण्याची आहे आणि पाण्याची आहे. बाबासाहेब आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासात धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की, यांनी हौद बाटवला. तिथले मुस्लिम रहिवासी जमा होऊन शिव्या देऊ लागले. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही. सोबत हत्यारबंद शिपाई दिला. जातीचा रोग एका धर्मापुरता राहत नाही, तो शेजाऱ्यालाही लागतो, हे बाबासाहेबांनी या प्रसंगातून दाखवले. तेव्हा ते लंडनचे डी.एस्सी. होते, बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदेत बसून आलेले होते. आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडचे चवदार तळे होऊन सात वर्षे झाली होती.

आडनाव विचारणारे

भाषण संपल्यावर माझ्या बायकोने पोरीला विचारले, "तिथं कुणी जात विचारली का गं?" ती थोडी थांबली. मग म्हणाली, "गोऱ्यांनी नाही विचारली, मामी. आपल्याच माणसांनी विचारली."

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भारतातून आलेल्या इतर मुली असत. पहिल्या आठवड्यात एकीने गोड बोलत आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग, शिष्यवृत्ती कुठली? ‘अच्छा, ती का.’ त्यानंतर तिच्या पातेल्याशेजारी त्या मुलीने आपले पातेले ठेवले नाही. भांडण नाही, शिवी नाही, नुसते पातेले सरकले. पोरगी त्या रात्री रडली. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या कपाटावर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि ज्याला विचारायचे त्याने सरळ विचारावे, असे सगळ्यांना सांगून टाकले. त्यानंतर केरळची एक मुलगी आणि एक इंग्रज मुलगी तिच्या जवळच्या मैत्रिणी झाल्या. युरोपच्या सहलीला आलेल्या त्याच.

बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. परदेशी पदव्यांचा माणूस झाडाखाली बसून रडला. ती बाग आता आपल्यासाठी संकल्पभूमी आहे. आज आपल्या पोरांना लंडनमध्ये जागा मिळते आणि पुण्या-मुंबईत आडनाव सांगितल्यावर खोली ‘आत्ताच गेली’ असे उत्तर मिळते. ज्याला हे आलेले नाही त्याने शेजाऱ्याला विचारावे.

आपल्या दारातला इतिहास

परत आल्यावर पोरीने आम्हाला एक काम लावले. ती म्हणाली, "मामा, लंडनला मी निळी पाटी बघितली, तेव्हा मला शरम वाटली. मी साताऱ्यात इतक्यांदा आले, पण ती शाळा आतून बघितली नव्हती." खरे आहे. मीही साताऱ्यात राहून चाळीशी ओलांडली. हरघडी त्या रस्त्याने जातो, पण पोरांना घेऊन कधी गेलो नव्हतो.

म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी वस्तीतली अठरा मुले घेऊन आम्ही निघालो. वर्गणी काढली, हिशेब मी ठेवला. आधी प्रतापसिंह हायस्कूल. भिवा रामजी आंबेडकर याच शाळेत रोज येत असे, हे सांगितले. भिमाईंचा मृत्यू साताऱ्यातच झाला. आईविना वाढलेले ते पोर याच रस्त्याने शाळेला जात होते. मग मसूर स्टेशन. फलाटावर मुलांना गोल बसवून पोरीने १९०१ ची गोष्ट पुन्हा सांगितली. एका सात वर्षांच्या मुलाने मध्येच आपली पाण्याची बाटली उघडली आणि मग पिऊ का नको असे करून आमच्याकडे पाहू लागला. पी म्हणाल्यावर त्याने एक घोट घेतला आणि बाटली शेजारच्याला दिली.

तिथून कराडजवळचा आगाशिवाचा डोंगर. जखिणवाडीच्या अंगाला साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत, वेरूळसारखे मोठे काम नाही. साधी चैत्यगृहे आणि भिक्खूंच्या लहान खोल्या. आत झोपायला दगडी ओटे. खडकात कोरलेली पाण्याची टाकी. लंडनच्या काचेमागे आहेत तसेच स्तूप इथे डोंगराच्या पोटात उभे आहेत. तिकीट नाही, रांग नाही. रोमचे कोलोझियम बांधले जात होते, त्याच्या आगेमागे आपल्या या डोंगरात भिक्खू राहत होते, हे मुलांना सांगितल्यावर त्यांना भारी अभिमान वाटला. एकीने विचारले, "मग आपण रोमइतके जुने का?" होय बाळा, आहोत.

पुढच्या वेळी वाळवे तालुक्यातल्या वाटेगावला जायचे ठरले आहे. अण्णाभाऊ साठ्यांचे ते गाव. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस लहानपणी वाटेगावहून चालत मुंबईला गेला. गिरणीत राबला, स्टालिनग्राडचा पोवाडा रचून गायला आणि १९६१ साली थेट रशियाला जाऊन आला. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक घराघरात असावे असे आहे. मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला. सातारा-सांगलीच्या मातीतून युरोपला गेलेली ही दोन माणसे. एक पदव्या आणायला गेला, दुसरा कामगारांचे राज्य डोळ्यांनी बघायला गेला. दोघेही परत आले आणि जे पाहिले ते आपल्या माणसांच्या कामी आणले.

आमच्या भाचीला आता पुण्यात नोकरी लागली आहे. पगार झाला की त्यातला ठरावीक हिस्सा ती वस्तीतल्या दोन मुलींच्या फीसाठी पाठवते. आमचे मेहुणे अजून मार्केट यार्डात पोती उचलतात. त्यांना तिने विचारले, "बाबा, तुम्हाला काय दाखवू?" ते म्हणाले, "ती पाटी दाखव, निळी." पासपोर्ट काढायला टाकला आहे.

बंधू-भगिनींनो, सगळ्यांनाच लंडनला जाता येणार नाही. पण शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो. तो कसा भरायचा, कोणते दाखले लागतात, हे आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर समजावून सांगतो. फी नाही. आणि एस.टी.ने मसूरला जाता येते, आगाशिवावर चढता येते. येत्या सात नोव्हेंबरला आपल्या लेकरांना घेऊन एवढे तरी करा. पाण्याची बाटली बरोबर घ्या, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय उघडू नका.

जय भीम.